कणगीवरचा पंजा

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात एक शेतकरी राहत होता. माणूस कष्टाळू, पण महासंशयी. कोणी सहज "बरं आहे ना?" विचारलं, तरी त्याला वाटायचं, याला कशाला हव्यात चौकशा?

त्या वर्षी भात भरघोस आलं. वर्षभराचं जेवण आणि पुढचं बियाणं, सगळं त्यातच होतं. झोडणी संपली तसं गावाने भात खळ्यावर उन्हात पसरलं. हा मात्र लगेच कणगीत भरायला लागला.

बायकोने एक दाणा चावून पाहिला. "अहो, मऊ लागतोय. आधी चांगली उन्हं दाखवा."

"आणि उघड्यावर राखायचं कोणी?"

"मी आहे की," कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला. "माझंही इथंच वाळतंय. दोन्हींवर लक्ष ठेवीन."

झालं! शेतकऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. न सांगता राखण करणारा माणूस सरळ कसा असेल? त्याने ओलसर भात तसंच कणगीत कोंबलं, तोंड शेणामातीने लिंपलं आणि त्यावर आपला पंजा उमटवला. रोज सकाळी तो त्या ठशावर हात ठेवायचा. बोटाला बोट जुळलं, की मगच न्याहारी.

एके दिवशी ठसा हाताला कोमट लागला.

"उघडून तरी बघा," बायको म्हणाली.

"काही नको! कोणीतरी करणी केलीय," असं म्हणत त्याने दाराला आणखी एक कुलूप लावलं.

पौषात घरातले तांदूळ संपले आणि कणगी उघडावीच लागली. ठसा शाबूत होता. आत मात्र आंबूस वाफ आणि काळं पडून गोळे झालेलं भात. बायकोने एक गोळा हाताने फोडून पाहिला.

"चोर आलाच नाही हो," ती म्हणाली. "आता पोरांना काय घालू?"

हे कळताच शेजारी टोपलीभर भात घेऊन आला. "हे बियाण्याला ठेवा दादा. खायचंही बघू काहीतरी."

शेतकऱ्याने सवयीने त्यातला एक दाणा दाताखाली धरला. कट्ट वाजला. त्याला इतकी लाज वाटली, की मान वर करवेना.

पुढच्या वर्षी त्याने भात खळ्यावर पसरलं आणि कुंपणाशी जाऊन म्हणाला, "भाऊ, मी बाजाराला चाललोय. माझ्या भातावर नजर ठेवाल?"

तात्पर्य: कुलूप चोराला अडवतं, ओलीला नाही. धान्याला आधी ऊन लागतं, आणि उन्हातलं धान्य राखायला विश्वासाचा शेजार लागतो.