वारुळावरची अळंबी आणि गवतातली

पांघरुणात पाय घ्या आधी. ओढाओढी नको. हां, तर रानाच्या कडेला एक घर होतं नि त्या घरात दोन जावा होत्या. थोरली तानकी, धाकटी शेवंती. शेवंती रानातून अळंब्या आणायची, भाजी करायची. सासूबाई बोटं चाटत म्हणायच्या, "शेवंतीच्या हाताला चव आहे गं!" मग तानकीचा नुसता जळफळाट व्हायचा. मीपण रांधते की रोज! मला कुणी म्हटलं का कधी असं?

मग काय झालं, तानकी गुपचूप शेवंतीच्या मागे गेली. शेवंती वारुळापाशी बसली. बसून काय करत होती, ते झुडपाआडून दिसेना. दुसऱ्या दिवशीही दिसेना. विचारायचं? छे! बाईचं नाक खाली होईल ना!

तिसऱ्या दिवशी ती एकटीच गेली. वारुळावरची अळंबी बारकी, मळकट, डोक्याला टोक असलेली. आणि पलीकडे गवतात तिचीच चुलतबहीण, पांढरीशुभ्र, गुबगुबीत! ही गवतातली बोलली, बरं का. "सगळे मेले तिलाच नेतात. मला ने की!" तानकीला वाटलं, अगदी माझ्या मनातलं बोलली. तिनं उभ्याउभ्याच ओटीभर उपटल्या.

घरी खोबरं वाटलं, फोडणी दिली. नुसत्या वासानंच सासूबाई म्हणाल्या, "आज थोरलीनं बाजी मारली हो!" अगं बाई! इतकी वर्षं याच शब्दाची वाट पाहिली होती. तिनं शेवंतीकडे ठसक्यात पाहिलं.

तेवढ्यात पातेल्यात कुणीतरी हसलं. एकट्या तानकीलाच ऐकू आलं. "खाऊ देत! सगळे आडवे झाले, की त्या वारुळवालीलाही कुणी हात लावणार नाही."

तानकीला कळलं, या तर विषारी आहेत! सांगावं, तर आत्ताच मिळालेलं कौतुक जाणार. मग सासूबाईंनी घास उचलला. तशी तानकीनं त्यांचा हात धरला नि पातेलं उलथं केलं. "नका खाऊ! विषारी आहेत. मला ओळख नाही त्यांची. हिच्यावर जळून आणल्या मी!" आणि ढसाढसा रडली.

शेवंती म्हणाली, "अक्का, विचारायचं तरी होतंत."

दुसऱ्या दिवशी दोघी रानात गेल्या. शेवंतीनं तिला वारुळापाशी बसवलं, बोटांनी माती उकरायला लावली. अळंबीचं मूळ हातभर खोल! हीच तिची ओळख, गवतातलीला असं मूळ नसतं. एक अळंबी वारुळाला ठेवली, बाकीच्या घेऊन दोघी घरी आल्या.

सासूबाईंनी विचारलं, "भाजी कुणी केली गं?" शेवंती म्हणाली, "दोघींनी." कौतुक अर्धंच वाट्याला आलं म्हणून तानकीला जरा टोचलंच, तुम्हाला खोटं कशाला सांगू? पण भाजी अशी झाली होती, की तिनं दोनदा वाढून घेतली.

त्यांची पोटं भरली, माझी गोष्ट सरली. आता मिटा डोळे. पांघरूण कुणाकडे जास्त आलं, ते सकाळी बघू.