‘रूटनं केलंय’

“पासवर्ड बरोबर आहे म्हणता, मग आत का जाता येत नाही?”

जो येई तो हेच विचारी. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं की मान हलवून निघून जाई. माझ्यावर एका माणसानं विश्वास ठेवला असेल तर शपथ.

मी चौथी शिकलेली. मठाच्या वसतिगृहात अंध मुलं आहेत. त्यांची शाळेची पुस्तकं मी मोठ्यानं वाचते, कॉम्प्युटर आवाज साठवतो, मुलं ऐकतात. त्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्यात प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, आतलं सामान वेगळं. माझ्या खात्यात पाचवीचं पुस्तक अर्धं वाचून अडकलं होतं.

पासवर्ड टाकला की स्क्रीन काळी व्हायची. मग पुन्हा तोच चौकोन यायचा, पासवर्ड मागत. दारातून आत घ्यायचं आणि मागच्या मागे बाहेर काढायचं, तसं.

कॉम्प्युटरचं सगळं अद्वयानंद बघायचा. थोरल्या स्वामींचा लाडका शिष्य. दीक्षेआधी कुठल्याशा मोठ्या कंपनीत इंजिनियर होता. तो आला, स्वतःच्या खात्यात गेला, हसला.

“यंत्र ठणठणीत आहे, कलाबाई. विसरायला होतं तुम्हाला.”

मग त्यानं माझा पासवर्ड बदलला आणि मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला. पहिलीच्या पोरीला पाटीवर अ काढून देतात तसा. मुलांना दिसत नव्हता, पण येणारेजाणारे वाचत होते.

नव्या पासवर्डानंही तेच झालं.

रविवारी भर पंगतीत तो बोलला, “कलाबाईंच्या चुकीमुळे वाचन बंद आहे. उद्यापासून बी.ए. झालेल्या बाई येतील.”

मी आमटीची बादली तिथंच ठेवली आणि थोरल्या स्वामींच्या खोलीत गेले.

“मला काढायचं तर काढा, स्वामी. पण विसरभोळी म्हणून नका काढू. मी काही विसरलेले नाही.”

स्वामी उठले. अद्वयानंदाला बोलावलं आणि माझ्या खुर्चीत बसवलं.

“यांच्या खात्यात जा.”

“स्वामीजी, माझ्या खात्यातून सगळं नीट…”

“तुझ्या दारानं तू आत गेलास, ते कळलं. यांच्या दारानं गेला होतास का?”

त्यानं भिंतीवरचा पासवर्ड बघून बघून टाकला. इंजिनियर माणूस. स्वतःच्या हातानं.

स्क्रीन काळी झाली. पुन्हा चौकोन.

“घाईत चुकला असेल,” तो म्हणाला.

“मग आता मुद्दाम चुकीचा टाक.”

त्यानं टाकला. लगेच खाली ओळ आली, पासवर्ड चुकीचा आहे.

“चुकलं की हे बोलतं,” स्वामी म्हणाले. “आधी बोललं होतं?”

“नाही.”

“म्हणजे यंत्रानं बाईंवर विश्वास ठेवला होता. मठानं नाही ठेवला.”

अद्वयानंदाचे कान लाल झाले. तो स्वतःच्या खात्यात शिरला आणि तिथून माझं सामान धुंडाळायला लागला. तिथं प्रत्येक फाइलीपुढं तिच्या मालकाचं नाव असतं. एक बारकीशी फाइल होती. माणूस आत आला की यंत्र त्याच्या नावानं तिच्यात नोंद करतं. नोंद झाली नाही तर आत थांबू देत नाही. त्या फाइलीपुढं कला असं असायला हवं होतं. लिहिलं होतं रूट.

त्याचा चेहरा उजळला.

“रूटनं केलंय, स्वामीजी.”

त्यानं एक ओळ टाइप केली. रूटच्या जागी माझं नाव आलं. मी पासवर्ड टाकला आणि सरळ आत गेले. अर्धं पुस्तक होतं तसं होतं.

“झालं,” तो उठत म्हणाला. “मिटला विषय. कोणाचीच चूक नव्हती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“असं कसं? चूक माझी होती तेव्हा तिला नाव होतं. भर पंगतीत घेतलंत ते. आता ती कोणाचीच नाही? कुठं राहतो हा रूट? मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत.”

“रूट म्हणजे माणूस नव्हे, कलाबाई. तो अधिकार आहे. सगळ्या खात्यांच्या वरचा.”

“आपला आपण चालतो का तो?” स्वामींनी विचारलं.

“नाही… कोणीतरी तो घ्यावा लागतो. मग जे होईल त्यावर रूटचं नाव पडतं.”

“कोणाला घेता येतो?”

“मला.”

“नवा माइक जोडायला हेच बसले होते,” मी म्हणाले. “माझ्या खुर्चीत, माझं खातं उघडं असताना. खडखड काय काय टाइप केलं आणि वर मलाच म्हणाले, हात लावू नका. दुसऱ्या दिवशी मला आत जाता येईना.”

अद्वयानंदानं डोळे मिटले, हात जोडले.

“कर्तेपण माझ्याकडे नाही, स्वामीजी. मी निमित्त.”

बघा. माझ्या वाट्याचं कर्तेपण मात्र त्यानं वाढप्यासारखं भरभरून वाढलं होतं.

स्वामींनी अंगातली कफनी काढली. खाली भोकं पडलेलं बनियन. कफनी त्यांनी भिंतीच्या खुंटीला अडकवली.

“हिला विचार, माइक कोणी जोडला.”

“हिला?… ही काय सांगणार? आत कोणी नाही.”

“बरं. तुझ्या कफनीला विचारतो.”

अद्वयानंदानं खाली, स्वतःच्या भगव्याकडे बघितलं.

स्वामी थंडीत तसेच उभे राहिले. मीही हलले नाही. मला आमटीची घाई नव्हती.

“यंत्र म्हणतं रूट. तू म्हणतोस निमित्त,” स्वामी अखेर बोलले. “मग बारशाला आत्यानं ज्याच्या कानात नाव सांगितलं, त्यालाच म्हणतो. मान वर कर आणि बाईंकडे बघ, हेरंब.”