डोंगराची मांडी

दम लागला असेल तर टेका इथे कातळावर. घाई नाही. फक्त तो मधला खडक सोडून बसा, त्यावर मोठ्या माणसानं बसायचं नसतं. आता आपण उंबरदऱ्याच्या डोंगरावर सगळ्यात उंच जागी आलो आहोत. याच्या वर आभाळ आणि घारी, बाकी काही नाही. तुमच्याकडे अशा जागेला शिखर म्हणतात, कुणी माथा म्हणतं, कुणी टोक. आमच्या वाडीत तिला मांडी म्हणतात.

हसलात ना? सगळेच हसतात. डोंगराला माथा असतो, खांदा असतो, पायथा असतो, इथवर सगळ्यांना पटतं. पण मांडी, आणि तीही सगळ्यात वर? शाळेत बाहेरगावचे गुरुजी येतात, पोरांना शिखर हा शब्द शिकवतात, पोरं तो पाठ करतात आणि घरी येऊन पुन्हा मांडीच म्हणतात. आम्ही कशाच्याही वरच्या टोकाला मांडी म्हणतो. खळ्यातल्या राशीची मांडी, गवताच्या गंजीची मांडी, घराच्या आढ्याची मांडी. नवं घर शाकारताना कुणी आढ्याच्या मांडीवर चढलं, की खालच्या बाया आपोआप गप्प होतात. का गप्प झालात म्हणून विचारलं तर त्यांना धड सांगता येणार नाही. पण त्याचं कारण आहे, आणि ते याच खडकाशी जोडलेलं आहे.

मी ठकूबाई लोहकरे. या वाडीची लेक आणि या वाडीचीच सून, त्यामुळे माझं सासर-माहेर एकाच उंबराखाली. ही हकीकत मला सासूनं सांगितली, तिला तिच्या सासूनं. डोळ्यांनी पाहिलेलं आता कुणी उरलेलं नाही. तेव्हा जिथे मी ‘म्हणे’ म्हणेन तिथे तुम्हीही ‘म्हणे’ म्हणा, आणि पुढे ऐका.

इकडे पूर्वेला वाकून बघा, पण जपून. हा सरळ तुटलेला कडा म्हणजे आगेकडा. त्या काळी वाडीत भात थोडं पिकायचं आणि माणसं मधावर दिवस काढायची. कड्याला आग्या माश्यांची मोहोळं लागत, माणूस उभा राहिला तर झाकून जाईल एवढी. ती काढायला वरून दोर सोडून माणूस खाली उतरायचा, एका हातात ओल्या पाल्याची धुमसती चूड, कमरेला विळा आणि पाठीला टोपली. काम झालं की तो दोरावरून चढत कड्याच्या मधल्या कपारीत यायचा. तिथून बाजूला शेळ्यांची वाट आहे, ती धरली की सुटला.

वर झाड नाही, खुंटा ठोकावा तर सगळा कातळ. मग दोर धरायला माणूसच लागायचा, आणि तो मान बायकोच्या भावाचा. दुसऱ्या कुणी त्या दोराला हात लावायचा नाही. सख्खा भाऊ वाटणीवरून रुसलेला असू शकतो, शेजाऱ्याच्या मनात काहीतरी जुनं असू शकतं; पण बहिणीचं कुंकू हातात आहे म्हटल्यावर मेहुण्याची मूठ सैल पडत नाही, असं जुन्या माणसांचं म्हणणं. फक्त एक अडचण होती. वर बसलेल्याला कड्याचं पोट दिसत नाही, आणि लांब दोराचं वजनच एवढं, की हातालाही नीट कळत नाही. आपला माणूस कुठवर आला, कपारीत पोचला की नाही, हे त्याला कळायचं कसं? म्हणून ती समोरची सोंड आहे ना, दरीच्या पलीकडची, तिथे त्याची बहीण बसायची. तिथून दोघंही दिसतात, आणि हाक सहज पोचते. तिच्याकडे दोनच शब्द असत. माणूस दोरावर आहे तोवर ‘धर’, आणि कपारीत पोचला की ‘सोड’. दुसरं कुणीही कितीही ओरडलं तरी वरच्यानं ऐकायचं नाही. बहीण सोड म्हणाली तरच सोडायचं.

आणखी एक नियम होता. पोटुशी बाईनं हाकेला बसायचं नाही.

आता या वाडीत सावळा नावाचा एक जण होता, असं सांगतात. आईबाप लवकर गेले, धाकट्या बहिणीला, हौसाला, त्यानंच वाढवलं. तिला खांद्यावर घेऊन हा गुरं राखायचा. ती मोठी झाल्यावर त्यानं वाडीतल्याच खेमाशी तिचं लग्न लावून दिलं, म्हणजे ती डोळ्यांसमोर राहील. स्वतःचं लग्न मात्र आज करू, उद्या करू म्हणत लांबवत राहिला. खेमाही चांगला माणूस. दोघं मेहुणे म्हणे एका ताटात जेवायचे.

लग्नानंतर हौसाला दिवस गेले आणि तिला डोहाळे लागले मधाचे. ती तोंडानं काही बोलली नाही, पण घरातलं रिकामं मडकं बोटानं पुसून चाटताना सावळ्यानं तिला पाहिलं. तो हसला आणि खेमाला म्हणाला की उद्या कड्यावर जाऊ. जाणत्या बायांनी अडवलं. हौसाला बहीण नाही, मग हाकेला बसणार कोण? तेव्हा हौसाच पुढे झाली. माझ्या आवाजाशिवाय दादा दुसऱ्या कुणाचा आवाज ओळखतच नाही, असं ती मोठ्या ठसक्यात म्हणाली. तिला त्या गोष्टीचा अभिमान होता. एका मोहोळाचं तर काम, असं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. इथेच चुकलं.

मोहोळ काढायचं ते उन्हं अंगावर यायच्या आत, माश्या गारठलेल्या असतात तोवर. पण हौसाला चढण सोसेना. ती दर थोड्या अंतरावर बसत होती. सोंडेवर पोचून तिनं पदर हलवला, तेव्हाच सावळ्यानं दोर खाली सोडला. त्याआधी सोडायला तो तयार नव्हता. तोवर कड्यावर ऊन आलं होतं. खेमा मोहोळापाशी उतरला, चूड पुढे धरली, आणि वारा फिरला. धूर दरीत गेला आणि माश्या उठल्या. खेमा कड्याच्या पोटात, सावलीत होता. थोड्या त्याला लागल्या, पण बाकी सगळं मोहोळ वर उन्हात गेलं. तिथे सावळा बसला होता, पाय कातळाला रोवून, गुडघे उभे करून, दोर कमरेभोवती आणि मांड्यांवरून घेऊन. त्याचे दोन्ही हात दोराला गुंतलेले. त्याला तोंडावरची माशीसुद्धा हाकलता येत नव्हती.

मागे उतारावर वाडीची माणसं होती. ती ओरडत होती, पण दोराला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. हौसाला समोरून दोघंही दिसत होते. वर भाऊ माश्यांनी काळा होत चालला होता. खाली नवरा दोरावर लोंबकळत वर सरकत होता. सावळ्यानं दोर धरताना आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तो एकदाच बोलला.

“हौशे, सांग.”

विचार करा त्या पोरीचा. सोड म्हणावं तर नवरा दरीत जातो, आणि पोटात त्याचं लेकरू. धर म्हणावं तर ज्यानं खांद्यावर वाढवलं तो डोळ्यांदेखत जातो. तिच्याऐवजी दुसरी कुणी बहीण असती तर तिलाही तेच म्हणावं लागलं असतं, हे आपण इथे बसून म्हणतो. तिला तेव्हा कोण सांगणार होतं?

“दादा, धर,” हौसा म्हणाली.

आणि त्यानं धरलं. दोर जरासुद्धा हलला नाही. खेमा चढत राहिला. त्यानं कपारीला हात घातला, मग एक पाय आत घेतला. तेव्हाच हौसानं सोड म्हणायला हवं होतं. पण एक पाय बाहेर होता. तिला वाटलं, दुसराही आत येऊ दे. तो आला. मग वाटलं, नीट बसू दे, माश्या त्यालाही चावताहेत, तोल गेला तर? तो बसला. मग वाटलं, जरा आत सरकू दे. तो सरकला, पाठ दगडाला टेकली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला आणि तिनं हाक दिली, “दादा, सोड.”

वर काहीच हललं नाही. तिनं पुन्हा हाक दिली. मग देतच राहिली, घसा फुटेपर्यंत. दोर ताठच्या ताठ होता.

माश्या बसल्यावर माणसं वर आली. खेमा शेळ्यांच्या वाटेनं धापा टाकत पोचला. सावळा होता तसाच बसलेला होता, पण जीव गेला होता. मूठ उघडेना. शेवटी दोर विळ्यानं कापावा लागला, आणि मुठीतला तुकडा तसाच त्याच्याबरोबर चितेवर गेला. त्याला उचललं तेव्हा म्हणे खालचा खडक दबलेला होता. आधी इथे सपाट कातळ होता. आता बघा, हे दोन लांबट उंचवटे आणि मध्ये खळगा. माणूस गुडघे उभे करून बसला की जशी मांडी दिसते, तशी. पावसाचं पाणी साचून झालं असेल, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल. असेलही. मी काही भांडत नाही.

वाडीनं हौसाला बोल लावला नाही. उलट बाया तिला समजवायला जात, की तू धर म्हणालीस ते बरोबरच केलंस. ती ऐकून घ्यायची, आणि एकदा म्हणाली, “धर म्हनले त्याचं मला काई न्हाई. दादानं बी त्येच केलं असतं. पर सोड म्हनाया उशीर केला. त्यो पोचला व्हता, मला दिसत व्हतं, आन म्या गप बसले.”

खेमानं पुन्हा कधी दोर हातात घेतला नाही की मधाचं बोट तोंडात घातलं नाही. नवरा-बायकोत या विषयावर बोलणंच नव्हतं. तिचे दिवस भरत आले तेव्हा तो एकदाच तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, “तू धर म्हनलीस, त्ये म्या खाली आईकलं व्हतं.” एवढंच. तो पुढे म्हातारा होऊन गेला, पण त्या एका शब्दाचं ओझं त्याच्या पाठीवरून उतरलं नाही, असं माझी सासू सांगायची.

हौसाला मुलगा झाला. वर्ष होत आलं तशी जावळ काढायची वेळ आली, आणि घरात रडारड सुरू झाली. जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर. मामा कुठून आणायचा? लोक म्हणाले, चुलत मामाला बसवू, मानलेला मामा चालतो. हौसा नाही म्हणाली. तिनं पोराला कडेवर घेतलं आणि डोंगर चढायला लागली. मागून सगळी वाडी, आणि सगळ्यांच्या मागे कुरकुरत न्हावी, की बाई, केस काढायला एवढं वर कशाला, केस काय खाली निघत नाहीत? इथे आल्यावर मात्र त्याची कुरकुर थांबली. हौसानं पोराला या खळग्यात ठेवलं. वाटभर रडणारं पोर म्हणे एकदम शांत झालं आणि दोन्ही हात दोन्हीकडच्या उंचवट्यांवर टेकून बसलं, कुणाच्या तरी मांडीत बसतं तसं. तेव्हा ती मोठ्यानं रडली. भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.

ते पोर पुढे या जागेला मामाची मांडी म्हणायचं. त्याच्या बरोबरीची पोरंही म्हणायला लागली, कुठं चाललास तर मामाच्या मांडीवर. मग बोलता बोलता मामा गळला आणि मांडी राहिली. जी पोरं डोंगराच्या वरच्या टोकाला मांडी म्हणत वाढली, तीच मोठी होऊन राशीला आणि आढ्यालाही मांडी म्हणायला लागली. शब्द असेच येतात, त्यांना कुणी आमंत्रण देत नाही. आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे जिथे कुणीतरी आपल्याला धरून बसलेलं आहे ती जागा.

आगेकड्याचं मोहोळ त्यानंतर कुणी काढलं नाही. आणि आजही वाडीतलं प्रत्येक जावळ इथेच निघतं. सख्खा मामा हयात असला तरी तो त्या दिवशी बाजूला उभा राहतो. लेकराला खळग्यात ठेवते ती आई. लेकरू नीट बसेपर्यंत ती थांबत नाही. अजून त्याचा एक पाय तिच्या हातात असतो, ते कलंडत असतं, रडत असतं, तेवढ्यातच ती खडकाशी वाकून म्हणते, “दादा, सोड आता. आम्ही पोचलो.” मग सगळे खडकाकडे कान देतात; आढ्याखालच्या बाया गप्प होतात ती हीच सवय. न्हावीसुद्धा कात्री उचलत नाही.

मीही म्हटलंय, माझ्या प्रत्येक लेकराच्या वेळी. म्हणताना खडकावर हात ठेवला होता. खडक उन्हानं तापलेला होता, पण मला तो अंगासारखा लागला. खाली उतरताना सासूनं विचारलं, त्यानं सोडलं असं वाटलं का ग? मी नाही म्हणाले. ती म्हणाली, मलाही वाटलं नव्हतं. अजून कुणालाच तसं वाटलेलं नाही, म्हणून पुढची आई आली की तीही हेच म्हणते.