रहिरास आणि जोडे

गोदावरीच्या काठी एक गाव होतं बघा. गावात छोटासा गुरुद्वारा. तिथं बाबा निधानसिंग असायचे, आणि दिवेलागणीला रोज यायचा केहरसिंग सुतार. त्याची एकुलती लेक बसंतकौर, हिंगोलीला दिलेली.

एक दिवस केहरसिंग बाबांपुढं बसला तो भांडायलाच.

"बाबाजी, वीस वर्षं सांजेची प्रार्थना, रहिरास म्हणतोय. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग माझी लेक चार वर्षं दारात का येत नाही?"

बाबांनी डोळे मिटले. रहिरास म्हणू लागले. म्हातारी जीभ, एका शब्दावर अडखळली.

"चुकलं!" केहरसिंग ताडकन बोलला.

बाबांनी पुन्हा धरलं.

"पुन्हा चुकलं! वय झालं बाबाजी तुमचं."

बाबा थांबले...

"बसंतलाही असंच थांबवायचास?"

"मग? पाठ शुद्ध नको? एका सांजेला उठलीच ती. म्हणाली, तुमचं तुम्हीच म्हणा."

बाबांनी दाराकडं बोट केलं.

"उद्यापासून दाराबाहेर बस. आत येणाऱ्या संगतीचे जोडे पूस. रहिरास तिथूनच ऐक."

"आणि आत कुणी चुकलं तर?"

"तर जोडा जरा जास्त घासून पूस."

बसला बिचारा. बायामाणसं आत जायची, हा धूळ झटकायचा. लहान पायाची चप्पल हाती आली की हात थांबायचा त्याचा.

इकडं बाबांनी दूधवाल्याच्या तोंडी हिंगोलीला निरोप धाडला. एवढाच... 'बाप आता बाहेर बसतो.'

वैशाखातली एक सांज. समोर कुणीतरी चप्पल काढली. केहरसिंगानं पाय ओळखले. मान वर केली नाही.

आतून बाबांचा आवाज आला, "बसंत, आज तू म्हण."

तिनं सुरू केलं. नेहमीच्याच जागी अडली...

बाहेर केहरसिंगाचं तोंड उघडलं. धुळीचाच हात त्यानं तोंडावर दाबला.



मग तिचं तिलाच सापडलं. पुढं गेली.

शेवटची विनवणी, अरदास झाली. बसंत बाहेर आली.

"बापूजी, चुकले ना मी?"

"कुठं गं? जोडे झटकत होतो. काही ऐकलंच नाही मी."

त्यानं पुसलेली चप्पल तिच्या पायाशी ठेवली. ती तिथंच पायरीवर टेकली. त्याच्या दाढीवरची धूळ ओढणीनं पुसली.

"उद्या घरी म्हणू या, दोघं. आठ दिवस राहायला आलेय."

दारात बाबा उभे होते.

"केहरसिंगा, आज नाही हो चुकली तुझी रहिरास."