सतरावी ओळ

“सतराव्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं की, सर. मग चूक माझी कशी?”

मुजावर सरांनी अडकित्त्यात अख्खी सुपारी धरली होती. ती त्यांनी कातरली नाही, नुसती धरून ठेवली.

“चूक तुझी आहे असं मी कुठं म्हटलं?”

नव्हतंच म्हटलं. नीलाक्षी चौगुले मिरजेतल्या त्या ओसरीवर येऊन बसल्यापासून सरांनी चकार शब्द काढला नव्हता. आरोप तिचा तीच करत होती आणि वकीलपत्रही तिनंच घेतलं होतं.

प्रकरण असं होतं. वेबसाइट उघडणाऱ्याची मागणी आधी सर्व्हरकडं येते, आणि उत्तर तयार करणारा प्रोग्राम आत बसलेला असतो. या दोघांच्या मधे उभी राहून मागणी आत देणारी नि उत्तर बाहेर आणणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सरांनी पॉलिटेक्निकात शिकवत असताना लिहिली होती. तिचं नाव उंबरठा. शाळा, वाचनालयं, दवाखाने, ज्याला हवी त्यानं ती फुकट वापरावी. वीस वर्षं सरांनी ती सांभाळली आणि गेल्या वर्षी आपल्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनीच्या हवाली केली. हुशार ती होतीच. तिलाही ते ठाऊक होतं, आणि घोळ तिथंच होता.

काल दुपारी नीलाक्षीनं उंबरठ्याची चौथी आवृत्ती बाहेर सोडली. जुना उंबरठा प्रोग्रामकडून उत्तर अख्खंच्या अख्खं घ्यायचा. नवा ते तुकड्या-तुकड्यानं मागायचा, त्यामुळं काम झपाट्यानं व्हायचं. जुनी रीत तिनं मुळापासून उपटून टाकली आणि बदलांच्या यादीत सतराव्या ओळीत तशी नोंद केली.

आज सकाळी नऊ वाजता एका तालुक्याच्या रक्तपेढीतून मेल आला. एकच ओळ होती. रक्तसाठ्याचं पान कोरं दिसतंय. तिथला प्रोग्राम अजून अख्खंच उत्तर देत होता आणि नवा उंबरठा ते घेत नव्हता.

तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता. कोरं पान म्हणजे रक्त संपलं, असं समजून कुणी पेशंटला माघारी पाठवलं असेल तर? हे काही तिनं सरांना विचारलं नाही. ती आपली सतराव्या ओळीवरच अडून बसली होती.

“चाचण्या केल्या होत्यास?” सरांनी विचारलं.

“चारशे तेरा. सगळ्या हिरव्या, एकही नापास नाही.”

“अख्खं उत्तर आलं तर काय होतं, त्याची एक चाचणी होती. मी लिहिलेली.”

“ती…”

सरांनी अडकित्त्यातली सुपारी फिरवून धरली.

“ती मी बदलली, सर. नव्या रीतीप्रमाणं.”

“म्हणजे पेपर तूच काढलास, तूच सोडवलास आणि तूच तपासलास. पैकीच्या पैकी पडणारच की गं.”

नीलाक्षीचे कान तापले.

“पण ती जुनी रीत किती गचाळ होती. कधीतरी काढायला नकोच का? आणि नवी आवृत्ती आपोआप घ्यायची सोय त्या लोकांनीच लावून ठेवलीय. मग यादी वाचायची कुणी?”

“हां,” सर म्हणाले. “वाचायची कुणी…”

त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. मोबाइल उचलून नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्यापुढं धरला.

“घे. वाच त्यांना.”

“काय वाचू?”

“सतरावी ओळ.”

पलीकडं फ्रीज घरघरत होता. “हॅलो, रक्तपेढी. ढेरे बोलतेय.”

आता माघार कशी घ्यायची? नीलाक्षीनं लॅपटॉप उघडला.

“मॅडम, तुमचं पान ज्याच्यावर चालतं ना, ते मी सांभाळते. त्याच्या यादीत आम्ही लिहिलं होतं की…” तिनं घसा साफ केला. “यापुढे प्रतिसाद खंडशः द्यावा. अखंड प्रतिसाद स्वीकारला जाणार नाही.”

काल लिहिताना हे वाक्य किती नेटकं वाटलं होतं. आज फ्रीजच्या घरघरीत ते तिला स्वतःलाच कळेना.



“ताई, मी लॅब टेक्निशियन आहे,” ढेरेबाई म्हणाल्या. “आमचा प्रोग्राम ज्यांनी लिहून दिला ते दुबईला गेले, त्याला चार वर्षं झाली. तुम्ही मला एवढंच सांगा, पान कधी दिसेल?”

नीलाक्षीनं सरांकडं बघितलं. सर अंगणातल्या जास्वंदीकडं बघत होते.

“मॅडम… पान कोरं दिसलं म्हणून कुणाला रक्त मिळालं नाही, असं झालं का?”

“झालंच असतं. सकाळी एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह लागत होतं. दवाखान्यानं पान उघडलं तर कोरं. त्यांना वाटलं, साठा संपला. तिला सांगलीला न्यायला अँब्युलन्समधे चढवलं होतं.”

“मग?” नीलाक्षीनं विचारलं.

“पण मी आल्या आल्या पान बघते, ती माझी सवयच आहे. कोरं दिसल्यावर एकेका दवाखान्याला फोन लावत सुटले. गाडी अजून गेटातच होती. दोन पिशव्या दिल्या. आत्ता त्यांचा फोन येऊन गेला. बाई बरी आहे, मुलगी झाली.”

नीलाक्षीनं डोळे मिटले. सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला आणि तिला रडू फुटलं. ते तिनं लपवलंही नाही.

“ताई? आहात ना?”

“आहे. मॅडम, चूक माझी होती. अर्ध्या तासात पान दिसेल.”

सतराव्या ओळीचं नाव तिनं परत काढलं नाही.

मग ती तिथंच मांडी घालून कामाला लागली. नवी रीत तिनं ठेवली. पण उत्तर अख्खं आलं, तर उंबरठ्यानं तेही गुमान घ्यावं आणि त्याचे तुकडे आपले आपण करावेत, अशी तजवीज केली. कोडच्या अवघ्या अकरा ओळी लागल्या. सरांची जुनी चाचणी शब्दालाही धक्का न लावता परत आणली. चारशे चौदा हिरव्या झाल्या. शेवटची हिरवी झाली, तेव्हा ती तिच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सर तोवर सुपारी कातरत होते. एकदाही तिच्या पडद्याकडं त्यांनी मान वळवली नाही.

सुधारलेली आवृत्ती बाहेर पडली. नीलाक्षीनं स्वतःच फोन लावला आणि ढेरेबाईंना कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगितला.

“दिसलं, ताई,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही नक्की केलंत काय? सगळं पहिल्यासारखंच आहे.”

चौथ्या आवृत्तीपायी तिनं पाच महिने घातले होते. हेच काल कुणी म्हटलं असतं, तर तिनं आठवडाभर अबोला धरला असता. आज मात्र ती खुदकन हसली, नाक पुसलं आणि ढेरेबाईंचे दोनदा आभार मानले.

मग तिनं बदलांची यादी उघडली. तिनं एक ओळ लिहिली, खोडली. दुसरी लिहिली, तीही खोडली.

“सर, आता यादीत काय लिहू?”

“आत काय काय बदललंयस?”

“सगळंच.”

सरांनी कातरलेल्या सुपारीतली चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवली.

“मग पहिल्या ओळीत लिही… काही बदललेलं नाही.”