मोठ्यात मोठा फ्लॅश

"वायर नाही, काही नाही, मग तिकडं कळतं कसं रे त्याला पेटायचं?" दस्तगीर मास्तरांनी विचारलं.

"रेडिओवर, मास्तर," अभिनंदन म्हणाला. "कॅमेऱ्यावर ट्रिगर, फ्लॅशखाली रिसीव्हर. मी इथं बटण दाबलं की तिकडं पेटला. मध्ये भिंत असली तरी."

"भिंत असली तरी?"

"तरी."

"हं..."

अख्ख्या कुरुंदवाडच्या लग्नांचे फोटो एके काळी मास्तर काढत. अभिनंदन चौगुले त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि शिकून झाल्यावर त्यांच्या स्टुडिओच्या समोरच त्यानं स्वतःचा थाटला. गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ती अशी. मास्तर मांडवात वायर ओढत फिरायचे, हा चार खांबांना फ्लॅश लावून मधोमध रुबाबात उभा राहायचा. गिऱ्हाईक तिकडं गेलं. मास्तर त्याला एका शब्दानं बोलले नाहीत. काचबिंदूनं डोळे जायला लागले, तेव्हाही कुणाला काही बोलले नाहीत.

आज त्यांनी निरोप धाडला होता, तुझ्याकडचा मोठ्यात मोठा फ्लॅश घेऊन ये. अभिनंदनला वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटी मानलं आपल्याला. भर उन्हात दुकानाचं शटर ओढून तो धावत आला होता.

"फोटो कुणाचा काढायचा, मास्तर?"

"फोटो नको. फ्लॅश पाहिजे."

दारात उभ्या असलेल्या चाचीनं, मास्तरांच्या बायकोनं, मग खरं काय ते सांगितलं.

"उद्या डॉक्टरकडं जायचंय. ते म्हणाले, उजेड कळत असला तर ऑपरेशन करू, आहे तेवढं तरी राखता येईल. तेवढाबी कळत नसला तर..."

"तर कशाला उगं कापाकापी," मास्तर म्हणाले. "खिडकीतलं ऊन मला कळत होतं. आता ते कळतं का नुसतं आठवतं, तेच समजंना झालंय. म्हणून तुला बोलावलं. फ्लॅश काय खोटं बोलत नाही."

अभिनंदनचा सगळा तोरा उतरला. त्यानं मुकाट्यानं स्टँड उभा केला आणि फ्लॅश मास्तरांच्या तोंडासमोर आणून ताकद पूर्ण लावली.

"कधी दाबणार ते सांगू नको," मास्तर म्हणाले. "वायर असती तर तुझी ओढाताण मला कळली असती. हे बरं आहे तुझं."

ते खुर्चीत ताठ बसले. हनुवटी जरा वर.

अभिनंदननं कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

"दाबलंस काय?"

"दाबलं, मास्तर. पण फ्लॅश पेटलाच नाही." त्यानं वाकून बघितलं. "चॅनेल वेगळं राहिलंय. काल कार्यालयात वरच्या मजल्यावर दुसरं लग्न होतं. तिथला फोटोग्राफर माझ्याच चॅनेलवर निघाला. तो वर दाबायचा, माझा फ्लॅश खाली पेटायचा. म्हणून मी ट्रिगरचं बदललं, आणि ह्या मोठ्याचं बदलायचं राहून गेलं."

मास्तर मोठ्यानं हसले. बऱ्याच दिवसांनी हसत असावेत, कारण चाचीही हसली.

"म्हणजे अंधार खरा होता."

"खराच होता, मास्तर."

"बदल तर मग. बदल लवकर."

अभिनंदननं चॅनेल जुळवलं आणि तो मागं सरला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत तो थांबला.

मग त्यानं दाबलं.

खोली पांढरीफटक झाली. चाचीनं पदर डोळ्यांवर ओढला.

मास्तरांची पापणी लवली नाही.

ते तसेच बसून राहिले. वाट बघत.

अभिनंदननं कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. उजेड जास्त होऊन चेहरा जवळजवळ पुसला गेला होता, पण डोळे दिसत होते. टक्क उघडे. दोन्हींत फ्लॅशचा पांढरा ठिपका. डोळ्यांत असा ठिपका आला की माणूस जिवंत वाटतो, हे त्याला मास्तरांनीच शिकवलं होतं. समोर दुकान थाटताना वाटली नव्हती इतकी लाज त्याला आता वाटली, आणि तिचा आता कुणालाच काही उपयोग नव्हता.

"काय रे?" मास्तरांनी विचारलं. "दाबतोस न्हवं?"

चाची अभिनंदनकडं बघत होती. तिनं हळूच मान हलवली. नको.

"दाबलं, मास्तर," तो म्हणाला. "पण पेटला नाही. चॅनेल परत हुकलं."

"हुकलं?"

"हुकलं."

पेटून गेलेला फ्लॅश पुन्हा भरून घेताना बारीक शिट्टी घालतो. ती खोलीत ऐकू येत होती. ती थांबेपर्यंत मास्तर कान देऊन ऐकत होते.

मास्तरांनी हात उचलला. फ्लॅशच्या बाजूच्या गालावर ठेवला. ऊब लागलेल्या जागी माणूस ठेवतो तसा, बराच वेळ.

"मास्तर..."

"असू दे रे," दस्तगीर मास्तर म्हणाले. "दाब परत. ह्या खेपेला मी डोळे उघडे ठेवतो."