निंबवळ दर्शनचा रिकामा कोपरा

तुम्ही चढून आलात तो हा कंदिलाचा माळ. समोरच्या गंजलेल्या मनोऱ्याच्या पायथ्याला जी कुलूपबंद खोली दिसते, ते 'निंबवळ दर्शन'चं जुनं केंद्र. वाहिनी आता खाली बाजारपेठेतून चालते. गावात कुणाच्याही घरी टीव्हीवर ती लावून बघा. बाकीच्या वाहिन्यांच्या कोपऱ्यात त्यांचं चिन्ह असतं, लोगो म्हणतात तो. हिचा कोपरा मोकळा असतो. मालक बदलत गेले, पण त्या जागी कुणाचंच चिन्ह टिकलं नाही.

असं सांगतात की, नदीवर पूल नव्हता तेव्हा या माळावर रोज सांजेला कंदील टांगत. पलीकडून निघालेली नाव त्या उजेडाच्या रोखानं घाटाला लागे. ती नाव चालवायचे खालच्या भोईवाड्यातले रंगू भोई. पूल झाला आणि नावा काठावर पालथ्या पडल्या. कंदील टांगायचंही कारण उरलं नाही.

पुढं रंगूतात्यांच्या जावयानं, दौलत शिखऱ्यानं, केबलवर गावची वाहिनी काढली. चिन्ह कसलं ठेवायचं यावर बराच खल झाला. शेवटी त्याची बायको इंदुमती म्हणाली, "तात्यांचा कंदील ठेवू." चित्र तिनंच काढलं. बातम्याही तीच वाचायची. नळाला पाणी कधी येणार, कुणाची म्हैस चुकली, कुणाचं तेरावं कुठं, असल्याच बातम्या असत. पण त्या काळी निंबवळमध्ये 'कंदिलावर सांगितलंय' म्हटलं की माणसं पुढं वाद घालत नसत.

मग घरोघरी डिशच्या छत्र्या लागल्या, बाहेरच्या वाहिन्या आल्या आणि गावची वाहिनी बघणारे कमी झाले. दौलत वाईट माणूस नव्हता, पण धास्तावला होता. त्यानं कंदील काढून मोर आणला. मोरानं भागेना, तर गरगर फिरणारा पृथ्वीचा गोल आला. शेवटी आली लालभडक वीज. विजेबरोबर बातम्याही बदलल्या. जे काही असेल ते सगळ्यांच्या आधी सांगायचं, खरंखोटं मागाहून बघायचं.

एका पावसाळ्यात कुणीतरी आवई उठवली, वरचं धरण फुटलं. इंदुमती म्हणाली, "विचारून घेऊ, मग वाचते." दौलतनं ऐकलं नाही, आणि तिनं वाचलं. सगळा भोईवाडा पोरंबाळं, अंथरुणं घेऊन माळावर धावला आणि दिवसभर पावसात उभा राहिला. धरण जागच्या जागी होतं. भिजून तापानं फणफणलेली एक बाळंतीण त्या पावसात गेली, म्हणे. तात्या लेकीला एवढंच म्हणाले, "तुझा शब्द म्हणून चढलो व्हतो." त्या दिवसापासून ते तिच्या घरी जेवले नाहीत.

नंतरच्या श्रावणात खरंच पाणी आलं. भर दुपारी धरणावरच्या माणसाचा फोन आला की दारं उघडावी लागतायत, खालची वस्ती हलवा. इंदुमतीनं या वेळी पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली. मग कॅमेऱ्यासमोर बसून तिनं हात जोडून सांगितलं. माळावरून भोईवाड्याची कौलं दिसतात. एकही माणूस बाहेर पडेना. तिनं वडिलांना फोन लावला.

"तात्या, वर या. या खेपेला खरंय."

"मागल्या खेपेलाबी तूच सांगितलंस, पोरी."

त्यांनी फोन ठेवला. इंदुमतीनं फोन बाजूला सारला. मग तिनं एक पुठ्ठा उचलला, त्यावर कोळशानं कंदील काढला आणि दौलतला म्हणाली, "ती वीज पुसा. आवाज बंद करा. माझ्या बोलण्यावर आता कोण इसवास ठेवणार?"

पुठ्ठा तोंडापुढं धरून ती उभी राहिली. पडद्यावर कंदील आणि तो धरणारी दोन बोटं, बाकी काही नाही.

भोईवाड्यात तात्या बाजेवर बसून टीव्ही बघत होते, म्हणे. कंदिलाचं चित्र आलं. मग काठी घेऊन उठले आणि दार अन् दार ठोठावत निघाले. "चला. पोरगी खरं सांगतीया." घरं रिकामी होऊ लागली. माणसं माळ चढू लागली. जो येईल त्याला इंदुमती आतूनच विचारायची, "तात्या आले का?" जो तो म्हणायचा, मागं आहेत, शेवटच्या बोळात आहेत.

दौलत म्हणाला, "मी धरतो पुठ्ठा, तू जाऊन बघ." पण तिला भीती होती, की चित्र क्षणभर जरी हललं तरी मागं राहिलेली माणसं म्हणतील, हेही खोटंच. ती हलली नाही. खाली वीज जाऊन सगळे पडदे काळे झाले, तेव्हा तिनं हात खाली घेतले. बाहेर येऊन बघते तो भोईवाड्याच्या जागी नुसतं गढूळ पाणी. शेवटच्या बोळातली आंधळी म्हातारी कुणाच्या तरी पाठीवर वर आली होती. तिला दारातून बाहेर काढणारे तात्या आले नव्हते. नदीनं त्यांना परत दिलंच नाही.

इंदुमती पुन्हा कधी पडद्यावर दिसली नाही. विजेचं चिन्ह उतरलं ते उतरलंच. दौलतनं कंदील परत लावायचा म्हटला, तर तीच म्हणाली, "तो रोज दाखवायचा नाही. रोज दाखवला की माणसं बघायची थांबतात." मागाहून एका मालकानं सोनेरी सूर्य बसवून पाहिला. भोईवाड्यानं एका दुपारात घरोघरच्या केबलच्या तारा काढून टाकल्या. सूर्य गेला.

दरसाल श्रावणात त्या तिथीला मात्र वाहिनीवर कंदील येतो, आवाजाविना. मग वर बांधलेल्या नव्या भोईवाड्यातली माणसं चुलीवरचं तसंच ठेवून उठतात. म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन माळ चढतात. इंदुमती होती तोवर सगळ्यांच्या मागं राहून दारं ठोठावायची. ती गेल्यावर वाड्यातलं कुणी ना कुणी ठोठावतं. माळावर पूजा नाही, प्रसाद नाही. माणसं नदीकडं बघत उभी राहतात आणि उतरतात.

आजही नवी सून पहिल्यांदा माळ चढते तेव्हा हमखास विचारते, "पाणी कुठंय?" आणि शेजारची बाई तिचा हात धरून सांगते, "नाही आलं तरी चढायचं."